चीफ गॉडझिला ऑफिसर

टोकियोतल्या शिंजुकूच्या गॉडझिला स्टोअरमध्ये मुलाने खेळणं उचललं, की मी आधी ते उलटं करून तळपाय बघते. मऊ व्हिनाइलचा राक्षस, वेगळी ओतून जोडलेली शेपटी आणि तळव्यावर बारीक उठावात तोहो या चित्रपट कंपनीचं नाव. शेजारी गोलमटोल चिबी गॉडझिला, पलीकडे कपडे आणि खाऊ.

गॉडझिलाचं नाव सांभाळायला तोहोने ‘गॉडझिला रूम’ नावाचा वेगळा विभागच काढला. केजी ओता यांना हुद्दा दिला ‘चीफ गॉडझिला ऑफिसर’. आमच्या निशी-कसाई वस्तीत आयटीवाल्या मराठी मंडळींच्या कार्डांवर नाना हुद्दे वाचलेत, पण याला तोड नाही! चित्रपट, खेळणी, कार्यक्रम, परदेशातले हक्क असं सगळं आता एकत्र बघितलं जातं.

असं एकत्र बघायची गरज होतीच; सुरुवातीला सगळी घाई होती. ३ नोव्हेंबर १९५४ ला पहिला चित्रपट आला आणि पुढच्या एप्रिलात दुसरा हजर. अणुबॉम्बच्या सावलीतलं ते भय पुढे पोरांना हसवू लागलं. १९७१ च्या, हेडोरा नावाच्या राक्षसाशी झुंजण्याच्या चित्रपटात तर गॉडझिला शेपटी पोटाशी घेऊन, तोंडातल्या झोताच्या जोरावर उलटा उडतो. मुलगा खिदळतो, मला पहिला चित्रपट आठवून कसंसंच होतं.

आता ती घाई नाही. ‘शिन गॉडझिला’ २०१६ चा, त्यानंतरचा जपानी अभिनेत्यांचा गॉडझिलापट थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात ॲनिमे होते, यूट्यूबवर बाहुल्यांची मालिका होती, हॉलिवूडचे चित्रपट होते आणि दर नोव्हेंबरात गॉडझिला फेस्ट. २०२१ च्या फेस्टला हेडोराच्या पन्नाशीनिमित्त एक लघुपट केला, तोही जुन्या पद्धतीने: रबरी पोशाखात माणूस शिरवून. संगणकाच्या जमान्यात ही विद्या त्यांनी हातची जाऊ दिली नाही, हे मला दुकानापेक्षा मोठं काम वाटतं. अर्थात दुकान रोज चालतं, म्हणूनच मोठ्या चित्रपटाला थांबायची मुभा मिळत असावी.

रूप मात्र दिग्दर्शकागणिक बदलतं. शिन ११८.५ मीटर उंच, २०२३ चा ताकाशी यामाझाकींचा ५०.१. पेणच्या कारखान्यात गणपती बसतो, उभा राहतो, पण सोंड विसरली जात नाही; तशा याच्या पाठीवरच्या पात्या.

यामाझाकींच्या ‘गॉडझिला मायनस वन’चं लेखन, दिग्दर्शन आणि दृश्य-परिणामांची देखरेख, तिन्ही त्यांच्याकडेच. ६१० परिणाम-दृश्यं ३५ जणांनी केली. हॉलिवूडच्या मानाने ही टीम म्हणजे चिमूटभर. समुद्र खवळवणारा तात्सुजी नोजिमा तर विशीतला पोरगा. मार्च २०२४ मध्ये ऑस्कर घ्यायला चौघे मंचावर गेले, त्यांत तोही होता. बाकीच्यांसारखाच त्याच्याही हातात खेळण्यातला गॉडझिला होता.