रात्री काढलेला दुपारचा फोटो

कोजागरीची रात्र. गच्चीवर चटया अंथरल्यात. पातेल्यात केशर घातलेलं दूध आटतंय. आणि वर? वर चंद्र! वाटोळा, गुबगुबीत, नुसता लखलखीत!

आता सांग बघू, असा चंद्र दिसल्यावर सगळ्यात आधी काय होतं? बरोब्बर! घरातले सगळे मोबाईल बाहेर निघतात. खटॅक! खटॅक!

आणि मग सगळ्यांचे चेहरे पडतात.

मागच्या कोजागरीला माझ्या भाचीने असाच फोटो काढला. नऊ वर्षांची आहे ती. फोटो बघून म्हणाली, "मावशी, ससा कुठे गेला? हा तर रस्त्यावरचा दिवा आलाय!" खरंच की! काळ्याभोर आकाशात एक पांढरा गोळा. ना चंद्रावरचे डाग, ना त्या डागांचा ससा. डोळ्यांना ससा स्वच्छ दिसतोय आणि फोटोतून मात्र तो पळून गेलाय!

तुझ्याही मोबाईलमधून पळालाय का कधी? मग चल, आपण त्याला शोधून काढू.

आधी कान इकडे कर. एक गुपित सांगते. पौर्णिमेच्या रात्री आपल्याकडे अंधार असतो ना? पण आपल्याला दिसणाऱ्या चंद्रावर तेव्हा दिवस असतो! आणि साधासुधा दिवस नाही. त्या चकतीच्या मधोमध तर चक्क भर दुपार! तिथे कुणी उभं राहिलं, तर सूर्य अगदी डोक्यावर दिसेल.

म्हणजे गच्चीवर बसून आपण काय बघत असतो? दुसऱ्या कुणाची तरी दुपार!

चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. त्याच्यावर ऊन पडतं, आणि त्या उन्हातलं थोडंसं आपल्याकडे परत येतं. तेच चांदणं. थोडंसं म्हणजे किती थोडं, ओळख? शंभर वाटे ऊन पडलं, तर साधारण बारा वाटे! बाकीचं चंद्राची जमीनच गिळून टाकते. कारण ती जमीन पांढरी नाहीच मुळी. ती काळपट करडी आहे, शाळेच्या वाटेवरच्या जुन्या, झिजलेल्या डांबरी रस्त्यासारखी!

थांब, हे पुन्हा वाच. गाण्यांमधला, गोष्टींमधला तो चांदीचा चंद्र जवळून डांबरी रस्त्याच्या रंगाचा आहे! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ चंद्राकडे बघतच राहिले होते. मग तो एवढा पांढराशुभ्र का दिसतो? फळा आठव. मळका, करडा खडूसुद्धा काळ्या फळ्यावर कसा उठून दिसतो! चंद्रामागचा फळा तर मैलोन् मैल काळाकुट्ट. त्यात चंद्र उन्हात, आणि आपण अंधारात!

आता ससा का पळाला, तेही कळेल. कॅमेरा काय करतो? तो एक झाकण उघडतो, प्रकाश आत घेतो आणि झाकण बंद करतो. उजेड भरपूर असेल तर झाकण पटकन बंद. उजेड कमी असेल तर थोडा वेळ उघडंच.

आता स्वयंपाकघरात ये. शेगडीवर दोन भांडी आहेत. एका लहानशा पातेल्यात कपभर दूध. दुसऱ्या मोठ्या पातेल्यात दहा माणसांचा भात. दोन्हींखाली मोठा गॅस. काय होईल? भात शिजायची वाट बघितली तर दूध उतू जाईल! आणि दूध वर येताच दोन्ही गॅस बंद केले तर भात कच्चा!

तुझा चंद्र म्हणजे ते दूध. भोवतालची रात्र म्हणजे तो भात. मोबाईलला चौकटीत जवळजवळ सगळा अंधारच दिसतो. बिचाऱ्याला वाटतं, फारच काळोख आहे, झाकण उघडंच ठेवू या. भात शिजतोय तोवर चंद्राचं दूध उतू जातं. ससा त्या फेसात बुडतो!

मग उपाय? अगदी सोपा. पडद्यावर दिसणाऱ्या चंद्रावर बोट टेकव. मोबाईलला कळेल, हिला किंवा ह्याला चंद्र हवाय. बाजूला सूर्यासारखं छोटं चिन्ह आलं, तर ते बोटाने खाली ओढ. उजेड कमी, कमी, आणखी कमी... आणि बघ! गोळ्यातून डाग वर यायला लागले!

मोठा कॅमेरा असलेल्यांना तर हे पक्कं माहीत असतं. चंद्राचा फोटो काढायला ते झाकण किती वेळ उघडतात? एका सेकंदाचे शंभर तुकडे कर. त्यातला एक तुकडा! उन्हातल्या डांबरी रस्त्याचा फोटो काढायचाय ना? मग वेळही उन्हातलीच.

ससा सापडला. पण केवढासा! मुंगीएवढा! डोळ्यांना तर चंद्र केवढा वाटत होता. उगवताना तर परातीएवढा!

इथे आपले डोळे आपल्याला फसवतात, बरं का. हात लांब कर. करंगळीचं टोक चंद्रावर धर. झाकला गेला ना? सगळाच्या सगळा! आता हाच खेळ चंद्र उगवताना खेळ आणि मग रात्री तो डोक्यावर आल्यावर खेळ. दोन्ही वेळा करंगळीच पुरते. उगवताना मोठा वाटणारा चंद्र मोठा नसतोच. उलट तो किंचित लहान असतो! कारण तो डोक्यावर येतो तेव्हा आपण त्याच्या काही हजार किलोमीटर जवळ असतो. मनाला मात्र हे काही केल्या पटत नाही.

मोबाईल आडवा धरून फोटो काढलास, तर त्यात एका ओळीत शंभराहून जास्त चंद्र बसतील. एवढ्या मोठ्या वर्गात एक मूल कोपऱ्यात बसलंय. दिसणार कसं?

मग वर्तमानपत्रातल्या फोटोत इमारतीमागे तो भलाथोरला चंद्र कुठून येतो? तिथे एक जादूचा आकडा आहे. एकशे दहा!

चंद्र ३,४७४ किलोमीटर रुंद आहे आणि आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर. म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या जवळजवळ ११० पट दूर. आता कुठलीही वस्तू घे. तिच्या रुंदीच्या ११० पट लांब जा. ती चंद्राएवढी दिसेल! एक सेंटिमीटरचा टपोरा वाटाणा एक मीटरच्या थोडं पुढे ठेव. झाला चंद्र! क्रिकेट खेळताना बोलरच्या टोकाला उभं राहा आणि समोरच्या बॅट्समनकडे बघ. त्याचं डोकं जवळजवळ चंद्राएवढं रुंद दिसतं!

आता आपण मुंबईला जाऊ. ओव्हल मैदानावर. तिथे क्रिकेटचे कितीतरी डाव शेजारी शेजारी चाललेले असतात. पूर्वेला तोंड कर. समोर तो उंच, नक्षीदार राजाबाई टॉवर! ८५ मीटर उंच, वर मोठं घड्याळ. १८७८ मध्ये तो बांधून पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद नावाच्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी पैसे दिले आणि आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव टॉवरला दिलं. राजाबाईंना दिसत नव्हतं आणि त्या दिवस मावळायच्या आत जेवायच्या, म्हणून घड्याळाच्या टोल्यांची सोय झाली, असं सांगतात. किती छान ना? ऐकून कळणारी संध्याकाळ!

पूर्वेला तोंड का केलं, आलं लक्षात? चंद्र तिकडूनच उगवतो!

समजा, तू टॉवरपासून २२० मीटरवर आहेस. २२० भागिले ११०. किती? दोन. म्हणजे टॉवरशेजारी चंद्र दोन मीटरच्या चकतीएवढा दिसेल. दरवाज्याएवढा! टॉवरच्या उंचीत असे बेचाळीस चंद्र एकावर एक रचता येतील. टॉवर राक्षस, चंद्र टिकली!

चंद्र मोठा हवा असेल तर चंद्राला काही करता येत नाही. आपण मागे जायचं. आणखी मागे. टॉवर लहान लहान होत जातो, चंद्र मात्र तेवढाच राहतो! मग लांबचं जवळ दाखवणाऱ्या भिंगाने दोघांना एकदमच मोठं करायचं. गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर उंच आहे. चंद्र त्याच्याएवढा दिसायला हवा असेल, तर किती लांब जायचं? जवळजवळ तीन किलोमीटर! आणि मागे सरकताना तू समुद्राच्या बाजूला असशील, तर थेट पाण्यात!

पण अजून एक घोटाळा उरलाच. दूध आणि भात! चंद्राला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. दिवे लावलेल्या टॉवरला मात्र कधीकधी कितीतरी सेकंद लागतात.

एवढा वेळ झाकण उघडं राहिलं की शहरात गमतीजमती होतात. गाड्या दिसतच नाहीत, नुसत्या लाल-पिवळ्या रेघा उरतात. आणि चालणारी माणसं? गायब! १८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला. दिवसाउजेडी! पण तेव्हाच्या कॅमेऱ्याला कितीतरी मिनिटं लागायची. फोटोत रस्ता ओसाड दिसतो. घोडागाड्या नाहीत, माणसं नाहीत. सगळी निघून गेली फोटोत न उमटताच! फक्त एका कोपऱ्यात एक माणूस उभा आहे. तोच का राहिला? कारण तो बुटांना पॉलिश करून घेत होता! पाय हलवायचा नव्हता ना! फोटोत आलेल्या अगदी पहिल्या माणसांपैकी तो एक. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

चंद्रही एका जागी थांबत नाही, बरं. दर दोन मिनिटांना तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. खरं तर सरकतोय कोण? पृथ्वी! ती आपल्याला घेऊन गिरकी घेतेय. पण झाकण मिनिटभर उघडं ठेवलंस, तर फोटोतला चंद्र अंड्यासारखा लांबुळका होईल!

मग दूध आणि भात एकदम तयार करायची काही युक्ती? आहे! रात्र व्हायची वाटच बघायची नाही.

कालनिर्णय काढ. पौर्णिमा शोध. आणि तिच्या आदल्या दिवसावर, चतुर्दशीवर बोट ठेव. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्य मावळायच्या सुमारास उगवतो. म्हणजे चतुर्दशीला? सूर्य मावळायच्या आधीच! दिवेलागणीला तो बऱ्यापैकी वर चढलेला असतो, टॉवरच्या अंगाखांद्यावर खेळायला तयार! आकाश निळंजांभळं असतं. इमारतीवर अजून उजेड असतो. दिवेही लागत असतात. त्या पंधरावीस मिनिटांत चंद्र आणि शहर यांच्या उजेडाची जोडी जमते. एकाच फोटोत ससाही येतो आणि टॉवरची नक्षीही!

मोबाईल हलू नये म्हणून तो पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेव. चंद्र टॉवरच्या टोकावर बसवायचाय? बाजूला दोन पावलं टाक. तू चालशील तसा चंद्रही तुझ्याबरोबर चालतो, टॉवर मात्र जागचा हलत नाही!

अमेरिकेत अॅन्सल अॅडम्स नावाचे मोठे फोटोग्राफर होते. एका संध्याकाळी ते गाडीने चालले होते. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र आलेला, आणि खाली मावळतीच्या उन्हात चमकणारे स्मशानातले पांढरे क्रूस! त्यांनी गाडी थांबवली. पण उजेड मोजायचं यंत्रच सापडेना! ऊन तर चाललंय. काय करावं? त्यांना चंद्राचा उजेड किती असतो ते पाठ होतं. उन्हातला दगड तो, त्याचा उजेड काय बदलणार! त्यावरून झाकणाची वेळ ठरवली आणि काढला एक फोटो. दुसरा काढायच्या आत क्रूसांवरचं ऊन गेलं!

तो एकच फोटो जगभर गाजला. पण फोटो कधी काढला, ते अॅडम्सना आठवेना. कधी एक साल सांगायचे, कधी दुसरं. मग कोण मदतीला आलं असेल? फोटोतला चंद्र! तो आकाशात नेमका कुठे आहे, केवढा भरलाय, त्यावरून खगोल अभ्यासकांनी हिशेब केला. आधी उत्तर आलं ३१ ऑक्टोबर १९४१. मग दुसऱ्या एकाने पुन्हा तपासलं. एक दिवस पुढे! १ नोव्हेंबर १९४१, संध्याकाळी ४ वाजून ४९ मिनिटं! पौर्णिमेला तेव्हा दोन-तीन दिवस बाकी होते.

तुझ्या ओव्हलवरच्या फोटोत तर चंद्रही असेल आणि राजाबाई टॉवरचं घड्याळही. एका फोटोत दोन घड्याळं! फोटो मोठा करून काटे वाच. मग चंद्रावरून वेळ काढ. बघ बरं, दोघांची वेळ जुळते का?