तुरीचे अनेक धनी
देवगाव फाट्याच्या परिसरात पिकणाऱ्या तुरीचे भवितव्य दिल्लीतील एकाच खात्याच्या हाती नसते. हमीभाव, म्हणजे सरकारने आधी जाहीर केलेला किमान खरेदीदर, कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीतील कृषिमूल्य आयोग सुचवतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती तो मंजूर करते; आयात खुली ठेवण्याचा निर्णय वाणिज्य मंत्रालयाच्या, तर आयातशुल्क अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेने ठरते. ग्राहक व्यवहार विभागाला मात्र शेतकऱ्यापेक्षा शहरी ग्राहकाच्या डाळीची चिंता अधिक, आणि ती त्याच्या कर्तव्याला धरूनच आहे. याच चिंतेतून मे 2021 मध्ये तुरीची आयात निर्बंधमुक्त झाली. जून 2023 मध्ये घाऊक व्यापाऱ्यावर 200 टनांची साठामर्यादा, म्हणजे जवळ बाळगता येणाऱ्या मालाची कमाल हद्द, लादली गेली. अशी मर्यादा आली की व्यापारी खरेदी आखडती घेतो आणि त्याचा ताण मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, भावावर येऊ शकतो; त्यामुळे एका खात्याने दिलेला आधार दुसरे खाते नकळत सैल करते. तुरीची डाळ झाल्यावरही धनी संपत नाहीत: शाळेतील पोषण आहाराची डाळ शिक्षण मंत्रालयाकडे, अंगणवाडीची महिला व बालविकास मंत्रालयाकडे आणि तिची शुद्धता आरोग्य मंत्रालयाच्या कक्षेतील अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे येते.