बर्फघर आणि नायोबियमची पेटी

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात, मरिना किनाऱ्यासमोर, गोलाकार भिंतींची एक जुनी वास्तू आहे. तिचे आजचे नाव विवेकानंद इल्लम. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद येथे राहिले होते. पण मुळात हे बर्फाचे कोठार! अमेरिकन व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८४२ च्या सुमारास ते उभारले. तिकडच्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने येथे येई. १८३३ मध्ये कोलकात्याला निघालेल्या त्याच्या पहिल्या जहाजात १८० टन बर्फ होता. चार महिन्यांनी सुमारे १०० टन पोचला. साऱ्या धंद्याची मदार वितळणे रोखण्यावर होती.

क्वांटम संगणक घडवणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही आज असाच प्रश्न आहे. येथे जपायचा असतो तो सूक्ष्मलहरींचा एखादा फोटॉन, म्हणजे ऊर्जेचा सर्वांत लहान कण. तो नायोबियम धातूच्या पोकळ पेटीत ठेवतात. उणे २६४ अंश सेल्सिअसखाली हा धातू अतिसंवाहक बनतो. विजेला त्याचा विरोध जवळजवळ उरत नाही. आतली लहर देवळातल्या घंटेच्या नादासारखी घुमत राहते. नाद विरला की माहितीही गेली आणि गणित चुकले.

अतिसंवाहक पोकळ्या आपल्याला नव्या नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्वरकात तांब्यावर शिसे चढवलेल्या अशा पोकळ्या आहेत. मात्र त्वरकात लहर जोरदार असते. एकच फोटॉन ठेवायचा म्हटले की एक छुपा चोर उघडा पडतो.

हा चोर म्हणजे ऑक्साइडचा थर. हवा लागताच नायोबियमवर तो चढतो. त्याची जाडी केसाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी! या थरात अणूंची मांडणी विस्कळीत असते. काही अणू दोन जागांमध्ये उड्या मारतात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा लहरीतून उचलतात. लहर मोठी असली तर त्यांचे पोट लगेच भरते, तोटा जाणवत नाही. पण आत एकच फोटॉन असेल तर ते त्यालाच गिळतात.

२०२० मध्ये अमेरिकेतील फर्मीलॅबच्या अलेक्झांडर रोमानेन्को आणि सहकाऱ्यांनी यावर एक उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी पोकळ्या निर्वातात ३४० ते ४५० अंशांपर्यंत तापवल्या, तेव्हा ऑक्साइडचा थर नाहीसा झाला. मग निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या थंडीत फोटॉन दोन सेकंदांपर्यंत टिकला. २०१२ चे नोबेल मिळवणारे फ्रेंच शास्त्रज्ञ सर्ज हारोश यांच्या प्रयोगात तो सुमारे ०.१३ सेकंद टिकत असे. यावरून या यशाची कल्पना यावी.

अडचण एवढीच की पुन्हा हवा लागली की थर पुन्हा चढतो. म्हणून क्वांटम चिप बनवताना नायोबियमला हवा लागण्यापूर्वीच त्यावर टँटलम किंवा सोन्याचे पातळ पांघरूण घालण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यातून माहिती अधिक काळ टिकते, असे दिसले आहे.

भारतातही हे काम सुरू आहे. २०२३ मध्ये सरकारने ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. २०२४ मध्ये मुंबईची टाटा संस्था आणि संरक्षण संशोधन खात्याची पुण्यातील प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटच्या अतिसंवाहक प्रक्रियकाची चाचणी पूर्ण केली. क्यूबिट वाढवणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्यांतली ऊर्जा गळू न देणेही. ट्यूडरच्या जहाजात बर्फाइतकीच किंमत भुशाला होती, ती याचसाठी!