रोजचं विज्ञान : ताडपत्री की झाडू?

सातबाऱ्यासाठी रेणापूरच्या एखाद्या सेवा केंद्रात रांग लागते आणि नेमका तेव्हाच प्रिंटर रुसतो. चालक कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करतो, प्रिंटर ढिम्म. मग रिस्टार्ट करतो, आणि कागद सरसर बाहेर येतो. असं का?

मोंढ्यातलं दुकान आठवा. रात्री मालक पसाऱ्यावर ताडपत्री टाकून जातो. सकाळी दुकान झटकन लागतं, पण कालचा घोळही जागेवरच असतो. 2012 च्या विंडोज 8 पासून ‘शटडाउन’ बहुधा असंच चालतं: यंत्रणेच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. रिस्टार्टमध्ये मात्र झाडू फिरतो, दुकान नव्यानं मांडलं जातं.

माऊस अडला? ‘विंडोज’ आणि ‘एक्स’ एकत्र दाबा, मग ‘यू’, मग ‘आर’ : झालं रिस्टार्ट. ‘विंडोज’ आणि ‘आर’ दाबून उघडणाऱ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘शटडाउन /एस /टी 60’ लिहिलं, तर 60 सेकंदांनी कॉम्प्युटर पूर्ण बंद होतो, ताडपत्रीशिवाय. बेत बदलला तर ‘शटडाउन /ए’.

फाइल तेवढी आधी सेव्ह करा. झाडू कुणाची गय करत नाही.