उष्णता दिसते, गाठ दिसते का?

मिट्ट काळोखातही माणसाचं अंग उजळत असतं. आपल्या कातडीतून अखंड किरण बाहेर पडतात. त्यांची तरंगलांबी दहा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या जवळजवळ वीसपट असते, म्हणून आपल्या डोळ्यांना त्यांचा पत्ता लागत नाही. तो लागला १८०० साली. विल्यम हर्शेल हा मुळातला संगीतकार, पण तोवर युरेनसचा शोध लावून नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ. त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि एकेका रंगात तापमापक ठेवत गेला. तांबड्याच्या पलीकडे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि नेमका तिथेच पारा सगळ्यांत वर चढला. अवरक्त किरण ते हेच.

आजचा थर्मल कॅमेरा अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी फरक टिपतो आणि त्याला रंग देतो. बाई समोर उभी राहते. अंगाला स्पर्श नाही, दाब नाही, क्ष-किरण नाहीत. पडद्यावर लाल, पिवळी, निळी छाती उमटते. हीच थर्मोग्राफी. स्तनांच्या कर्करोगाची तपासणी इतकी सोपी असेल तर मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, यंत्रात छाती चेपून घ्यायची कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर शोधण्यात वैद्यकाने बरीच वर्षं घातली आहेत.

सुरुवात आशेची होती. १९५६ साली माँट्रियलचे शल्यचिकित्सक रे लॉसन यांनी नोंदवलं की कर्करोगाच्या गाठीवरची त्वचा दुसऱ्या स्तनाच्या त्याच जागेपेक्षा गरम असते. यामागे शरीरशास्त्र आहे. गाठीतल्या पेशी भराभर वाढतात, जास्त इंधन जाळतात. शिवाय गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उगवून घेते. हा विचार जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला आणि पुढे तो कर्करोगाच्या संशोधनाचा एक खांबच झाला. रक्त वाढलं की ऊब वाढते. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या मिशेल गोथरी यांनी तर गाठींमध्ये बारीक सुया घालून तापमान मोजलं आणि दाखवून दिलं, की जी गाठ लवकर दुप्पट होते ती जास्त उष्णता निर्माण करते.

म्हणजे थर्मोग्राफी जे पाहते ते खरं आहे. अडचण पुढे आहे. गाठीची उष्णता त्वचेपर्यंत येता येता चरबीतून आणि ऊतींतून पसरत जाते. गोधडीखाली ठेवलेली गरम पाण्याची पिशवी वरून चाचपली, तर कुठेतरी ऊब आहे एवढं कळतं. पिशवी केवढी आणि नेमकी कुठे, हे कळत नाही. गाठ लहान आणि खोल असेल तर ऊबही वरपर्यंत पोचत नाही. उलट, कर्करोग नसतानाही छाती गरम होते: पाळीच्या चक्रात, अंगावर पाजताना, जंतुसंसर्ग झाल्यावर. आणि काही कर्करोग मुळात फारसे तापतच नाहीत, विशेषतः सावकाश वाढणारे.

मग आकड्यांनी निवाडा केला. १९७३ साली अमेरिकेत २९ केंद्रांवर, दोन लाख ऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांचा एक मोठा तपासणी प्रकल्प सुरू झाला. त्यात हाताने तपासणी, मॅमोग्राफी आणि थर्मोग्राफी तिन्ही होत्या. थर्मोग्राफी मध्येच वगळावी लागली. १९७७ साली सुमारे १६,००० तपासण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मॅमोग्राफीने ७८ टक्के कर्करोग हेरले होते, डॉक्टरांच्या हातांनी ५५ टक्के, आणि थर्मोग्राफीने ३९ टक्के. कॅमेरा बोटांच्याही मागे पडला होता.

थर्मोग्राफीचे समर्थक मात्र स्ट्रासबर्गकडे बोट दाखवतात. १९८० मध्ये गोथरी आणि शार्ल ग्रो यांनी १,२४५ स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. बाकीच्या तपासण्यांत त्यांच्यात कर्करोग सापडला नव्हता, फक्त उष्णतेचं चित्र संशयास्पद होतं. पाच वर्षांत त्यांतल्या तिघींपैकी एकीहून जास्त जणींना कर्करोग झाला. अंगावर काटा यावा असा हा निष्कर्ष. पण या स्त्रिया ज्या अठ्ठावन्न हजारांतून निवडल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक जणी स्तनांची काहीतरी तक्रार घेऊनच आल्या होत्या. कुठलीही तक्रार नसलेल्या, घरात-शेतात-ऑफिसात वावरणाऱ्या बायकांना तोच हिशेब लावता येत नाही. आणि गंमत अशी, की खास स्तनांसाठी बनवलेलं पहिलं मॅमोग्राफी यंत्र ज्यांच्या पुढाकाराने साकारलं, ते डॉक्टरही हेच शार्ल ग्रो.

मॅमोग्राफीचा उगम त्याहून जुना. बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सॉलोमन यांनी १९१३ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे एक्स-रे काढले आणि त्यांत बारीक पांढरे ठिपके पाहिले. ते कॅल्शियमचे कण. मिलिमीटरच्या काही दशांशांइतका एकेक कण, आणि तो कधीकधी गाठ तयार होण्याच्याही आधी दुधाच्या नळीतल्या कर्करोगाची चुगली करतो! ना बोटांना लागणारा, ना कॅमेऱ्याला ऊब देणारा. छाती दाबायची असते ती यासाठी: थर पातळ झाला की एकमेकांवर पडणाऱ्या सावल्या सुट्या होतात आणि किरणही कमी लागतात. एका तपासणीत मिळणारा किरणोत्सर्ग साधारण ०.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे आपल्याला निसर्गातून काही आठवड्यांत मिळतो तेवढा.

पण मॅमोग्राफीला मान मिळाला तो ठिपके दिसतात म्हणून नव्हे. १९६३ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२,००० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले गेले. एका गटाला दरवर्षी मॅमोग्राफी आणि हाताची तपासणी देऊ केली, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. दहा वर्षांनी पहिल्या गटात स्तनांच्या कर्करोगाने झालेले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. तपासणीची खरी कसोटी हीच: तिच्यामुळे मरणं टळली का? थर्मोग्राफीबद्दल असा पुरावा कुणापाशी नाही.

मॅमोग्राफीलाही आंधळ्या जागा आहेत. तरुण स्तन दाट असतो; दाट ऊतीही पांढरी, गाठही पांढरी. भारतात हा रोग पाश्चात्य देशांपेक्षा साधारण दशकभर आधीच्या वयात दिसतो, त्यामुळे इथे ही अडचण जास्त जाणवते. तिथे सोनोग्राफी कामाला येते, कारण ती पांढरं-काळं न पाहता प्रतिध्वनी ऐकते. जपानमध्ये चाळिशीतल्या सुमारे ७३,००० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात मॅमोग्राफीला सोनोग्राफीची जोड दिल्यावर कर्करोग पकडण्याचं प्रमाण ७७ वरून ९१ टक्क्यांवर गेलं. निष्कारण संशयही थोडे वाढले. एमआरआयची तऱ्हा आणखी न्यारी. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध दिलं की गाठीच्या गळक्या, घाईत वाढलेल्या रक्तवाहिन्यांतून ते झिरपतं आणि गाठ उजळते. थर्मोग्राफी ज्या रक्तवाहिन्यांचा वरून अंदाज बांधते, त्याच एमआरआय आत जाऊन दाखवतो. मात्र तो महाग आणि वेळखाऊ, म्हणून मुख्यतः ज्यांच्या घराण्यात जनुकीय धोका आहे अशांसाठी.

आता सगळ्यांत साधं साधन: हात. १९९८ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने शहरातल्या झोपडपट्ट्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली. अर्ध्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बोटांनी छाती तपासत. ना यंत्र, ना वीज. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या वस्त्यांत रोग आधीच्या टप्प्यावर सापडला: पुढच्या, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेल्यांचं प्रमाण ४७ ऐवजी ३७ टक्के. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांना तसा फायदा दिसला नाही, आणि सगळ्या वयांची मिळून झालेली १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. तरीही न्यूयॉर्कच्या यंत्राशी तोलावं असं काहीतरी मुंबईच्या बोटांनी करून दाखवलं, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

बोटं कुणाची, हेही महत्त्वाचं. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार स्त्रियांच्या अभ्यासात अर्ध्या जणींना स्वतःची छाती स्वतः तपासायला शिकवलं. दहा वर्षांनी दोन्ही गटांत मृत्यू सारखेच निघाले, फक्त निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी वाढल्या. स्वतःच्या शरीराची ओळख हवीच. पण तिला तपासणीची जागा देता येत नाही.

आज भारतात संगणकीय बुद्धिमत्तेची जोड देऊन थर्मल चित्रं वाचण्याचे प्रयत्न चालू आहेत. बंगळुरूची निरामई ही कंपनी त्यांतली एक. डोळ्यांना न जाणवणारे उष्णतेचे आराखडे संगणकाला जाणवू शकतात, तेव्हा कुतूहल जरूर ठेवावं. पण कसोटी बदलत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही १९८२ पासून थर्मोग्राफीला फक्त मॅमोग्राफीच्या जोडीला परवानगी दिली आहे, आणि ती मॅमोग्राफीऐवजी करू नये असा इशारा पुन्हा पुन्हा दिला आहे.

धोका कॅमेऱ्याच्या किरणांचा नाही. तो स्वतः काही सोडतच नाही. धोका त्याने दिलेल्या निर्धास्तपणाचा आहे. तेव्हा शिबिरात थर्मल तपासणी करून घेतलीत तर तिथेच विचारा: यात संशय आला तर पुढची मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी कुठे होणार, आणि संशय आला नाही तर त्या कागदाचा अर्थ काय? तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात हाताची तपासणी होते, तीही करून घ्या. चाळिशीनंतर मॅमोग्राफीबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि गाठ लागली, त्वचा ओढली गेली, स्तनाग्रातून रक्ताळ स्राव आला, तर थर्मल चित्र कितीही निळंशार असो, ते घरी ठेवून त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.