चिपची कंपनी आणि काकांची पुंजी

उज्जैनला फ्रीगंजात आमच्या शेजारी राहणारे काका नुकतेच निवृत्त झाले. परवा संध्याकाळी ते मोबाईल घेऊन आले. कोणीतरी निरोप पाठवला होता : चिपची नवी कंपनी आहे, शेअर आजच घ्या, पाच वर्षांत सोने होईल. ‘‘सर, तीन लाख टाकू का?’’ काकांनी विचारले. मागे काकू उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘धाकटीचं लग्न व्हायचंय अजून.’’

असे निरोप सध्या घरोघरी येतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये चिप उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. गुजरातेत धोलेरा आणि साणंदला मोठे प्रकल्प आले. देशासाठी ही आनंदाची गोष्ट आहे. पण देशाची गरज वेगळी आणि काकांच्या पुंजीची गरज वेगळी. म्हणून उत्तर देण्याआधी मी त्यांना एका कंपनीची गोष्ट सांगितली.

सुहास पाटील हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. जन्म जमशेदपूरचा, शिक्षण आयआयटी खरगपूरला आणि पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये. प्राध्यापकी करता करता त्यांनी १९८१ मध्ये स्वतःची कंपनी काढली. तीच १९८४ मध्ये ‘सिरस लॉजिक’ या नावाने कॅलिफोर्नियात आली. समोर इंटेलसारखे दिग्गज होते. पाटलांची युक्ती अशी, की चिपचा आराखडा आपण करायचा आणि ती घडवायची मात्र दुसऱ्याच्या कारखान्यात. कारखाना उभारायला अफाट पैसा लागतो, तो वाचला. १९८५ मध्ये त्यांनी कारभार मायकेल हॅकवर्थ या अनुभवी व्यवस्थापकाच्या हाती दिला. १९८९ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या चिपमध्ये तिने मोठे नाव कमावले आणि मार्च १९९६ ला संपलेल्या वर्षात तिची विक्री १०० कोटी डॉलरच्या वर गेली.

‘‘म्हणजे घ्यायलाच हवा होता!’’ काका खुलले.

थांबा म्हटले. त्याच वर्षी कंपनीला तोटा झाला होता. चिप वेळेवर मिळाव्यात म्हणून तिने आयबीएम आणि एटी अँड टी यांच्याबरोबर कारखान्यांत पैसा गुंतवला होता. जो खर्च टाळून ती मोठी झाली, तोच आता गळ्यात पडला. इकडे खेळांसाठी त्रिमितीय चित्रांची लाट आली आणि तिथे सिरस मागे पडली. ही लाट पकडणाऱ्यांत १९९३ मध्ये निघालेली एक पोरगेली कंपनी होती, एनव्हिडिया. तिचीही पहिली चिप फसली होती आणि ती दिवाळखोरीच्या दारातून परतली होती. शेवटी सिरसला चित्रांचा धंदा सोडावा लागला. ती ध्वनीच्या चिपकडे वळली आणि आज आयफोनसाठी त्या पुरवते. पण आज तिच्या विक्रीचा चार पंचमांशाहून मोठा भाग एकट्या अ‍ॅपलकडून येतो. उद्या त्या गिऱ्हाइकाने तोंड फिरवले तर?

गंमत पाहा. १९८४ मध्ये सिरस नवखी होती, बारा वर्षांनी तीच प्रस्थापित झाली आणि नवख्यांनी तिला हटवले. आपल्या एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंतचा हा काळ! कंपनी चांगली, माणूस बुद्धिमान, तरी शिखरावर शेअर घेणारा बुडाला. आणि १९९६ मध्ये या दोघींपैकी कोण टिकेल, हे पैजेवर सांगणारा भविष्यवेत्ता कुठे होता?

म्हणून चिपच्या कुठल्याही नव्या कंपनीबाबत काही प्रश्न विचारावेत. माल खरोखर विकला जातो आहे, की नुसत्या घोषणा आहेत? गिऱ्हाइके किती, की सारी मदार एकावरच? चिप घडवणार कोण आणि त्याचा पैसा कोठून येणार? आजची चिप जुनी झाली की पुढची तयार आहे का? उत्तरे कंपनीच्या माहितीपत्रकात आणि वार्षिक अहवालात असतात. जोखमीचे प्रकरण तर आधी वाचावे. कंपनीच्या नावात ‘सेमीकंडक्टर’ आहे किंवा मालक आपल्या आडनावाचा आहे, ही शेअर घेण्याची कारणे नव्हेत.

काकांना मी शेवटी एवढेच सांगितले : लग्नाचे आणि औषधपाण्याचे पैसे बँकेत किंवा पोस्टातच राहू द्या. त्यातून उरले, २०२८ च्या सिंहस्थापर्यंत हात लावावा लागणार नाही आणि बुडाले तरी घरात भांडण होणार नाही, एवढेच बाजारात घाला. तेही एका कंपनीत नको, चांगल्या म्युच्युअल फंडातून घाला.

काका थोडे हिरमुसले. ‘‘मग त्या निरोपाचं काय करू?’’

‘‘पाठवणाऱ्याला विचारा, त्याने स्वतः किती टाकले?’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले म्हणे. अजून उत्तर आलेले नाही. काकूंनी मात्र आमच्याकडे वाटीभर श्रीखंड पाठवले.