आदेश झटपट, धोरण ठिसूळ

तेहरानमधील अमेरिकी दूतावास ४ नोव्हेंबर १९७९ रोजी आंदोलकांनी ताब्यात घेतला आणि दहाच दिवसांनी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी आदेश क्रमांक १२१७० वर सही करून इराण सरकारची अमेरिकेतील मालमत्ता गोठवली. त्यासाठी संसदेत मतदान घ्यावे लागले नाही. १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक अधिकार कायद्याने ती मुभा आधीच दिली होती. संकटात असा वेग लागतो, हे मान्यच करायला हवे. दूतावासात ओलीस ठेवलेल्यांच्या सुटकेच्या वाटाघाटीत हीच मालमत्ता अमेरिकेच्या हातातले हुकमाचे पान ठरली. पण तेव्हा जाहीर झालेली आणीबाणी दरवर्षी नव्या सहीने वाढवली जात दशकानुदशके चालू राहिली. तात्पुरते अधिकार असे कायमचे होतात, ही खरी चिंतेची बाब आहे.

संसद हवे तेव्हा अध्यक्षांना रोखू शकते, असा युक्तिवाद केला जातो. कागदावर तो बरोबर आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या निकालानंतर आणीबाणी संपवणाऱ्या ठरावावरही अध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात आणि तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. परिणामी धोरण एका व्यक्तीवर विसंबून राहते. बराक ओबामांच्या काळात २०१५ मध्ये झालेला इराण अणुकरार सिनेटने मंजूर केलेला तह नव्हता, म्हणूनच डोनाल्ड ट्रम्प २०१८ मध्ये त्यातून सहज बाहेर पडू शकले. त्यांनी पुन्हा लादलेल्या निर्बंधांमुळे भारतालाही २०१९ मध्ये इराणी तेलाची खरेदी थांबवावी लागली. अमेरिकेच्या शब्दावर जगाने भरवसा ठेवायचा असेल, तर तातडीच्या आदेशाला ठरावीक मुदतीत संसदेची मंजुरी मिळालीच पाहिजे; ती मिळाली नाही, तर तो आपोआप रद्द व्हावा.